लस उन्हाने बिघडते, तशी बर्फानेही

‘अ‍ॅल्युमिनियम लस स्नायूत धरून ठेवतं, हळूहळू सोडतं, म्हणून प्रतिकार वाढतो’ असं काही लसींत प्रतिकार वाढवायला घातलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांबद्दल म्हणतात; ते अर्धंच पटतं. उंदरांत टोचलेली जागा दोन तासांत कापून काढली तरी प्रतिसाद फारसा घटला नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या कणांना चिकटलेलं प्रतिजन (लसीतला शरीर ओळखतं तो अंश) पेशी गिळतात आणि लसिकागाठीत (प्रतिकारपेशींच्या गाठीत) नेतात, याला जास्त महत्त्व दिसतं.

पण अशी लस गोठण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) किंवा हिपॅटायटिस-बी लस गोठली की अ‍ॅल्युमिनियमच्या जेलच्या गुठळ्या होतात, वितळल्यावरही मूळ रूप येत नाही आणि लस कमजोर पडते. कोल्हापुरात सगळे मे महिन्याच्या उन्हाला घाबरतात; गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर निघालेल्या लसीच्या डब्यात मात्र फ्रीजरमधला कडक आइसपॅक थेट टाकला, तर त्याला टेकलेली कुपी वाटेतच गोठते. पॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरा. कुपीवरचं व्हीव्हीएम (रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता दाखवतं, गोठणं नाही. शंका असेल तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, ती आणि संशयित कुपी दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. अर्ध्या तासात संशयित कुपीचा गाळ गोठवलेलीइतकाच झरझर बसला, तर ती वापरायची नाही.