मदत हवी आहे : बाहेरच्या प्रकाशात गरोदरपणाची छायाचित्रे काढताना येणाऱ्या अडचणी

नमस्कार. माझ्या बहिणीला आठवा महिना लागला असून तिची छायाचित्रे मोकळ्या जागेत, नैसर्गिक प्रकाशात मीच काढावीत, अशी तिची इच्छा आहे. मी अगदी नवशिका आहे. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे).

सरावासाठी सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात सूर्य तिच्या पाठीमागे ठेवून काही छायाचित्रे काढली, तेव्हा केसांभोवती सुंदर सोनेरी कड आली, परंतु चेहरा काळवंडला. एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा प्रकाश) वाढवल्यावर चेहरा उजळला, तर आकाश पूर्ण पांढरे पडले. अशा वेळी चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करून (फक्त तेवढ्याच भागाचा प्रकाश मोजून) आकाशाचा तपशील सोडून द्यावा, की पांढरा रिफ्लेक्टर (प्रकाश चेहऱ्यावर परतवणारा फलक) वापरावा? झाडाखालच्या सावलीत प्रकाश मऊ मिळतो, मात्र पानागवताची हिरवट झाक त्वचेवर उतरते आणि ती व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातील रंगछटा जुळवण्याची सेटिंग) बदलूनही नीट जात नाही.

दुसरी अडचण फोकसची आहे. बहीण किंचित तिरकी उभी राहिली की पोट कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि एफ/१.८ वर डोळे स्पष्ट ठेवल्यास पोटावरचे हात धूसर होतात. एफ/४ पर्यंत गेल्यास पार्श्वभूमी पुरेशी विरघळेल का?

सर्वांत जास्त काळजी मला तिच्या थकव्याची वाटते. तिला फार वेळ उभे करायचे नाही आणि पाठीवर सरळ झोपवायचेही नाही, त्यामुळे बसून किंवा टेकून घेता येतील अशा सहज मुद्रा अनुभवी मंडळींनी कृपया सुचवाव्यात.