बाबांच्या आतड्याचा जोड भरत नाहीये, स्टेम सेल उपचार घ्यावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एरवी इथे फक्त वाचते. आज लिहितेय, कारण शनिवारपर्यंत आम्हाला एका ठिकाणी हो किंवा नाही कळवायचं आहे आणि घरात एकमत होत नाहीये.

माझे वडील, वय ६४. गुदाशयाचा कर्करोग. आधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या, मग मिरजेला ऑपरेशन. गाठीचा भाग काढून वरचं आतडं खालच्या टोकाला जोडलं. जोड फार खाली होता, म्हणून त्याला आराम मिळावा यासाठी लहान आतडं पोटावर काढून पिशवी लावली, म्हणजे तात्पुरता स्टोमा. सहाव्या दिवशी ताप आला, नाडी जोरात चालायला लागली, ड्रेनमधलं, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतलं, पाणी गढूळ झालं. सीटी स्कॅन केल्यावर जोड लीक झाल्याचं कळलं. मळ आधीच पिशवीकडे वळवलेला होता म्हणून पोट पुन्हा उघडावं लागलं नाही. अँटिबायोटिक्स आणि आणखी एक नळी यावर निभावलं.

आता पाचवा महिना चालू आहे. गेल्या महिन्यात खालून औषध सोडून एक्स-रे काढला, त्यात जोडाच्या मागे एक छोटी बंद वाट अजून दिसते. सर्जन म्हणतात, "घाई नको, आठ आठवड्यांनी परत बघू." तोपर्यंत पिशवी बंद करता येणार नाही.

पिशवी मी बदलते. सकाळी चहाच्या आधी, कारण तेव्हा बाहेर कमी येतं. स्टोमा मोजायचा, चकतीला वाकड्या कात्रीने तेवढंच भोक पाडायचं, जास्त मोठं झालं तर भोवतीची कातडी जळते. पहिल्यांदा पस्तीस मिलिमीटरचं भोक लागायचं, आता अठ्ठावीसचं पुरतं. बाबा तेवढा वेळ छताकडे बघत पडून राहतात आणि रोज एकच म्हणतात, "तुझ्या हाताला वास राहत असेल गं." त्यांना लवकर मोकळं करावं असं मला किती वाटतं, ते लिहून कळणार नाही.

भावाच्या ओळखीतून पुण्यातल्या एका क्लिनिकचं कळलं. बाबांच्याच पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे दुरुस्तीला मदत करणाऱ्या मूळ पेशी, वेगळ्या करणार, थोड्या जोडाजवळ टोचणार, थोड्या सलाईनमधून देणार. दोन वेळा मिळून साडेचार लाख. जोड खात्रीने भरतो म्हणाले. त्यांच्या रंगीत पत्रकावर गुडघे, मणका, स्वमग्नता, केस गळणं, सगळ्यावर हाच उपाय छापलाय. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, "पेशंटच्याच पेशी आहेत, परवानगी कशाला?"

आतड्याच्या जोडासाठी हे कुणी घेतलंय का? बाबांना कर्करोग होऊन गेलाय, त्यात हे चालतं का? आणि हे नाही, तर जोड भरायला आम्ही घरी काय करू शकतो? भाऊ म्हणतो एफडी मोडू. आई तर गप्पच आहे, आणि तिच्या गप्प राहण्याची मला जास्त काळजी वाटते.

– नीरजा_सांगली

*

सूक्ष्मदर्शी:

नीरजाताई, मी डॉक्टर नाही. पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, तेवढ्यापुरतं लिहितो.

स्टेम सेलचं संशोधन खोटं नाही. आतडं जोडल्यावर पहिले काही दिवस जोड मुख्यतः टाक्यांवर किंवा स्टेपलवर टिकून असतो. कडांमधलं जुनं कोलॅजन, म्हणजे ऊतींना धरून ठेवणारं प्रथिन, विरघळत असतं आणि नवं अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. तेवढ्या नाजूक काळात मदत व्हावी म्हणून उंदीर-डुकरांवर पेशी टोचून, टाक्याच्या दोऱ्यावर लावून, जोडाभोवती पेशींचा पातळ थर गुंडाळून पाहिलंय. काही प्रयोगांत जोड मजबूत झाला, काहींत फरक पडला नाही. या पेशी स्वतः आतडं बनत नाहीत. त्या आजूबाजूला संदेश सोडतात, त्यामुळे दाह कमी होतो आणि नव्या रक्तवाहिन्या यायला मदत होते.

यातला नव्या रक्तवाहिन्यांचा भाग तुमच्यासाठी महत्त्वाचा. कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशींनाही असे संदेश पोषक ठरतील का, ही शंका संशोधकांनीच मांडलेली आहे. बाबांच्या बाबतीत ती डावलता येणार नाही.

माणसांमध्ये आतड्याच्या बाजूने सर्वांत पुढे गेलं ते अलोफिसेल नावाचं पेशींचं औषध. दात्याच्या चरबीतल्या पेशी, एका वेळी १२ कोटी. तेही जोडासाठी नव्हतं, क्रोन्सच्या (आतड्याला वर्षानुवर्षं सूज येत राहण्याचा आजार) रुग्णांना गुदद्वाराजवळ होणाऱ्या भगंदरासाठी होतं. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २१२ रुग्णांची चाचणी छापून आली. २४ आठवड्यांनी पेशी घेतलेल्यांपैकी ५० टक्के बरे होते, पण नुसतं खारं पाणी टोचलेल्यांपैकीही ३४ टक्के बरे होते. २०१८ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. पुढे मोठ्या चाचणीत फरक दिसला नाही, तो निकाल २०२३ मध्ये आला, आणि २०२४ च्या अखेरीस ते युरोपच्या बाजारातून काढून घेतलं. पेशी मोजून-मापून, नीट तपासून दिल्या होत्या तरी असं झालं. मग कुणी खात्रीने भरतो म्हणालं की मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची तत्त्वं अगदी स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. बाकी वापर मंजूर चाचणीतच करायचा. नंतर औषध नियंत्रकांनी बर्जरच्या आजारासाठी (यात हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होतात) आणि गुडघ्याच्या संधिवातासाठी एका भारतीय उत्पादनाला परवानगी दिली, आतड्यासाठी नाही. स्वतःच्याच पेशी आहेत म्हणून सूट मिळत नाही. त्यांना सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीचं पत्र मागा. आणि खरी चाचणी असेल तर त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

*

आडगावकर:

बेटा, मी या वाटेने गेलोय. माझाही जोड लीक झाला होता, मागची पोकळी भरायला अकरा महिने लागले. मग पिशवी बंद झाली. सगळ्यांचं असंच होईल असं म्हणत नाही, पण पाच महिने म्हणजे संपलं असं धरू नका.

बाबा तंबाखू किंवा मिश्री लावतात का, हे आधी विचार. मी मिश्री सोडतो म्हणून सांगायचो आणि न्हाणीत लावायचो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडाला रक्त कमी पोचतं, हे सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा सुटली. साखर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) तपासून घ्या. अंडी, डाळ, पनीर, पचेल ते थोडं थोडं पाच-सहा वेळा. पिशवी पाण्यासारखी भरत असेल तर नुसतं पाणी पाजू नका, ओआरएस द्या.

खालून स्पंज बसवून व्हॅक्यूमने पोकळी साफ करायचीही एक पद्धत आहे. ती लवकर केली तर जास्त उपयोगी पडते. तुमच्या केसमध्ये आता अर्थ आहे का ते सर्जनना विचार.

बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) कर. छताकडे बघत पडायचो तो मीही.

*

नीरजा_सांगली:

दोघांचे मनापासून आभार. काल क्लिनिकला फोन करून नोंदणी क्रमांक मागितला. आधी "पाठवतो" म्हणाले, मग "सरांशी बोला", आणि संध्याकाळी पन्नास हजार कमी करतो असा निरोप आला. तो ऐकून भाऊच म्हणाला, राहू दे.

सर्जननी स्पंजबद्दल नीट समजावलं. वाट आता अरुंद आहे, त्यात तो बसणार नाही, पण पुढच्या तपासणीत दुर्बिणीने आतून बघतो म्हणाले. अल्ब्युमिन ३.१ आलंय, म्हणजे कमीच. मिश्रीचा डबा देवघरामागे सापडला. बाबा काही बोलले नाहीत, स्वतःच उचलून माझ्या हातात दिला.

आईने मात्र पाटल्या काढून रुमालात बांधून ठेवल्या होत्या, सोनाराकडे न्यायला. तिला सांगितलं की पैशांअभावी नाही म्हणत नाहीये. तिने दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हणाले. पाटल्या अजून तिने हातात घातलेल्या नाहीत.

आडगावकर काका, रविवारी दहाला बाबा बोलायला तयार आहेत. पिशवी असताना तुम्ही एसटीने लांबचा प्रवास केलात का, हे त्यांना आधी विचारायचंय. चैत्रात पंढरपूरला जायचं त्यांच्या मनात आहे.