गोव्यात फोंड्याजवळ दिव्यांग आणि न्यूरोडायव्हर्जंट कलाकारांसोबत कलावस्तूंचा धंदा : जागा, करार, पैसे यांचं काय?

रंगपेटी_फोंडा

नमस्कार मंडळी. सात प्रौढ कलाकारांसोबत छोटा धंदा उभा करायचा आहे. तिघे स्वमग्न, एकाला डाउन सिंड्रोम, दोघे कर्णबधिर, एक कलाकार व्हीलचेअर वापरते. माल म्हणजे छापील चित्रं, कार्डं, हातानं रंगवलेल्या टाइल्स आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सजावटीचं थोडं सामान. भांडवल चार लाख. फोंड्याजवळ एक जुनं घर भाड्यानं मिळतंय, पुढच्या बाल्कांवला (बसायच्या ओसरीला) पाच पायऱ्या आहेत.

नोंदणी ट्रस्ट म्हणून करावी की साध्या मालकीनं? कलाकारांना पैसे कोणत्या हिशेबानं द्यावेत? करारावर सही कलाकाराची की आईवडिलांची? जागेत काय बदल करावे लागतील? दया दाखवून माल खपवायचा नाही, हे आधीच ठरलेलं आहे.

चिरे_आणि_चुना

जागेपासून सुरू करतो, कारण चार लाखांतले दीड तिथेच बुडू शकतात.

पाच पायऱ्या म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर चढ. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे ९.६ मीटर लांबी, शिवाय मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा. जवळजवळ ११ मीटर झाले. अंगण तेवढं नसेल तर एल आकारात वळवावा लागतो आणि वळणावर पुन्हा दीड बाय दीड मीटर सपाट जागा लागते. लांबी वाचवायला १:८ करू म्हणणारा गवंडी भेटेलच, त्याचं ऐकू नका. तो उतार व्हीलचेअरवरच्या माणसाला एकट्यानं चढवत नाही आणि उतरताना खुर्ची हाताबाहेर जाते. चिऱ्यांचा रॅम्प पावसाळ्यात शेवाळानं गुळगुळीत होतो, तेव्हा वर छप्पर आणि खाली खरखरीत फिनिश, दोन्ही हवं. खरं सांगायचं तर रस्त्याला समपातळीतला दुकानगाळा शोधा. घर कितीही देखणं असलं तरी.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर धरा. जुन्या घरांत दुपाखी दारं असतात आणि एक पाखं उघडल्यावर खुर्ची जात नाही. उंबरठा काढायला मालक तयार आहे का, हे भाडेकरारात लिहून घ्या. टेबलाखाली गुडघ्यांसाठी ७० सेंटिमीटर मोकळे, वरची पातळी ७५ ते ८०. खुर्ची वळवायला दीड मीटरचं वर्तुळ, आणि ते संडासातही. संडासाचं दार बाहेर उघडणारं, बाजूला पकडायला दांडा. लोक स्टुडिओ सजवतात आणि संडास विसरतात. मग कलाकार दिवसभर पाणी न पिता बसते.

स्वमग्न कलाकारांसाठी पहिला खर्च छताचा. पत्र्यावरचा पाऊस जूनपासून चार महिने असतो आणि त्या आवाजात बोललेलंही ऐकू येत नाही, काम तर दूरच. पत्रा असेल तर खाली फॉल्स सीलिंग किंवा ध्वनी शोषणारे पॅनेल. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट लुकलुकतात, त्या काढून चांगले एलईडी लावा. शांत कोपरा हवा, पण त्याला कडी नको आणि 'आता तिकडे जाऊन बस' असं कुणी म्हणायचं नाही. जाणं-येणं कलाकाराच्या मर्जीचं. दिवाळीआधी नरकासुराच्या पुतळ्यांच्या तयारीला रात्रभर लाऊडस्पीकर वाजतो, दुसऱ्या दिवशी काम होत नाही. कॅलेंडरवर ते दिवस आधीच रिकामे ठेवा, शिगम्याचेही. कर्णबधिरांसाठी बेलला जोडलेला दिवा आणि दाराकडे तोंड करून बैठक, एवढं स्वस्तात होतं.

कामाची फोड मात्र मनापासून करा. टाइलचे टप्पे: धुणं, पुसणं, रेखाचित्र उतरवणं, रेघ, भरण, वाळवणं, भाजणं, तपासणं, बांधणं. प्रत्येक टप्प्याचा एक फोटो भिंतीवर, आणि शेवटी 'झालं' म्हणजे नेमकं काय दिसायला हवं त्याचा नमुना. 'नीट रंगव' ही सूचना कुणालाच पुरत नाही. मात्र ज्याच्या मूळ चित्रावर माल बनतोय आणि जो फक्त रंग भरतोय, ती दोन वेगळी कामं आहेत, त्यांचा मोबदलाही वेगळा. सगळ्यांना सरसकट 'कलाकार' म्हणून एकाच दरात बांधलं की भांडण ठरलेलं.

शाई_आणि_सही

सहीचा प्रश्न आधी, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

१८ वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, वैद्यकीय निदान कोणतंही असो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम १३ दिव्यांगांना इतरांसारखीच कायदेशीर क्षमता देतं. करार कायदा १८७२ विचारतो ते एवढंच, की सही करताना माणसाला करार समजला होता का आणि त्याच्या परिणामांचा विचार करता आला का. म्हणून सही कलाकाराची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीनं पालक नेमला असेल तर त्याचा आदेश पाहा. तसं असेल तर पालकाची सही लागेल, पण कलाकाराला समजावून सांगणं तरी सुटत नाही.

करार सोप्या मराठीत किंवा कोंकणीत लिहा: एका वाक्यात एकच गोष्ट, शेजारी चित्र, मोठा टाइप. वाचून दाखवा, घरी न्यायला द्या, आठवड्यानं सही घ्या. कर्णबधिर कलाकारांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाष्या आणा, भावाबहिणीला दुभाष्या करू नका. या पैशांत त्यांचाही हितसंबंध असू शकतो.

चित्राचा हक्क. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे पहिला मालक चित्रकार. पण नोकरीवर असताना केलेल्या कामाच्या हक्काचा मालक नोकरी देणाराच ठरतो, उलट लिहिलं नसेल तर. म्हणजे पगारावर ठेवलंत तर कलाकाराचा हक्क नकळत तुमच्याकडे येतो. ते नको असेल तर लिहून ठेवा. हस्तांतरण घेण्यापेक्षा मर्यादित परवाना घ्या: हे चित्र, कार्ड आणि टाइल एवढ्यासाठी, दोन वर्षं, भारतात. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. 'सर्व हक्क कायमचे' हे वाक्य इंटरनेटवरच्या नमुन्यांत सर्रास सापडतं, ते खोडा.

नोंदणी: सुरुवातीला एकट्या मालकीची किंवा भागीदारी पुरे. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वस्तूंच्या विक्रीला गोव्यात जीएसटीची मर्यादा वर्षाला ४० लाख, पण मोठ्या ऑनलाइन बाजारातून दुसऱ्या राज्यात विकायचं तर नोंदणी लागतेच. ट्रस्ट किंवा कलम ८ (ना-नफा) कंपनी सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या) आशेनं काढणार असाल तर हे लक्षात घ्या: स्वतंत्र संस्थेला आयकर खात्याकडची सेवाभावी संस्थेची आणि देणगी-सवलतीची नोंदणी (१२ए, ८०जी म्हणून ओळखली जाणारी), शिवाय किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. पहिली तीन वर्षं तो पैसा नाही असं धरून हिशेब करा.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२५-२६ पर्यंतच्या नियमांप्रमाणे दिव्यांग अर्जदाराला स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के, अनुदान ग्रामीण भागात ३५ आणि शहरी भागात २५ टक्के. पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला, म्हणून यंत्रं घेण्याआधी अर्ज. आणि दिव्यांग व्यक्ती खरोखर मालक असेल तरच. नावापुरतं पुढे केलेलं कर्ज त्याच्याच डोक्यावर बसतं.

हिशेबवही_डिचोली

पैशांचं उदाहरण घेऊ. आकडे धरलेले आहेत, तुमचे घाला.

१५ सेंटिमीटरची एक टाइल. कोरी टाइल ४०, रंग १५, वीज २०, पुठ्ठ्याची पेटी २५; झाले १००. कलाकाराची ४० मिनिटं, तासाला १५० प्रमाणे १००. मदतनीस तासाला १२०, तिघांत एक, म्हणजे २७. एकूण २२७, त्यावर फुटतूट १० टक्के म्हणजे २३, भाडं आणि इतर ३०. उत्पादन खर्च २८०. आता दुकान ४० टक्के घेतं. किंमत ४०० ठेवलीत तर हातात २४०, दर टाइलमागे ४० तोटा. ५०० ठेवलीत तर हातात ३००, शिल्लक २०. असे उपक्रम बंद पडतात ते बहुतेक मदतनीसाचे २७ रुपये किमतीत न धरल्यामुळे. तो खर्च देणगीतून निघेल असं मानलेलं असतं.

मूळ चित्राचा मोबदला विक्रीच्या किमतीवर टक्क्यांत ठरवा, नफ्यावर नको. नफा काय, हे ठरवणारे तुम्हीच असता. रक्कम कलाकाराच्या स्वतःच्या खात्यात, सोबत पावती: किती नग, किती टक्के. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मानधन ज्यांना मिळतं, त्यांनी पहिल्या पैशाआधी उत्पन्नाची अट समाजकल्याण खात्यात विचारून घ्यावी.

टाइलला घरच्या ओव्हनमध्ये पक्का होणारा रंग वापरणार असाल तर लेप पुरा वाळू द्या. एरवी २४ तास, पावसाळ्यात ४८. मग थंड ओव्हनमध्ये ठेवून १५० अंशांपर्यंत न्या, तापमान गाठल्यावर ३५ मिनिटं मोजा, ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. घाई केली की रंगाला फोड येतात, आणि नीट भाजला नाही तर तो नखानं निघतो. रंगाच्या डबीवर वेगळे आकडे असतील तर तेच पाळा. या टाइलला 'आझुलेजो' म्हणून विकू नका. आझुलेजो म्हणजे ग्लेझ लावून साधारण हजार अंशांवर भाजलेली टाइल, पणजीत जाणकार गिऱ्हाईक लगेच ओळखतं.

कागद तर गोव्यात शत्रूच. जुलैत कार्डं वाकतात, मागे पिवळे ठिपके येतात. छपाई मेअखेर उरका, माल प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसह बंद, बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट नको. चौकटीत चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट (पुठ्ठ्याची कड) हवाच. चवथीची ऑर्डर जूनअखेर बंद करा आणि जेवढं होईल वाटतं त्याच्या दोनतृतीयांशच घ्या. एखादा कलाकार चार दिवस आला नाही तर ते अपेक्षितच धरलेलं असावं, संकट नव्हे.

विक्रीला पणजीचा डिसेंबरातला सेरेंडिपिटी कला महोत्सव आणि दिव्यांगांचा पर्पल फेस्ट ध्यानात ठेवा. पण पर्पल फेस्टला येणारा माल बघतोच असं नाही, तो उपक्रम बघतो. रोजचं गिऱ्हाईक हॉटेलं आणि दुकानं.

रंगपेटी_फोंडा

देव बरें करूं सगळ्यांचं. गाळ्याचा शोध सुरू करते. एकच राहिलं: मालाच्या चिठ्ठीवर कलाकाराबद्दल काय लिहावं? दुकानदार म्हणतात 'स्वमग्न मुलांनी बनवलेलं' लिहा, खपतं.

शाई_आणि_सही

पहिली गोष्ट, ती मुलं नाहीत, प्रौढ आहेत. चिठ्ठीवर कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, तंत्र, धुण्यापुसण्याची सूचना. दिव्यांगत्वाचा उल्लेख कलाकाराला हवा असेल तरच, त्याच्याच शब्दांत, आणि त्याची वेगळी लेखी संमती घेऊन. संमती मागे घेता आली पाहिजे, म्हणून चिठ्ठ्या शंभर-शंभरच छापा. पाच हजार छापून ठेवल्या की 'आता संपू दे, मग बदलू' सुरू होतं. दुकानदाराला हेही करारात घाला की तो स्वतःच्या फलकावर वेगळं काही लिहिणार नाही.

चिरे_आणि_चुना

आणि चिठ्ठीची दोरी आधी कापून ठेवा. हातात पकड कमी असलेल्या कलाकाराला गाठ मारणं जड जातं, छिद्रातून ओवायचा तयार फासा सोपा.