हसवेल आणि आत कुठेतरी लागेल, अशी कादंबरी सुचवा

वांगीभात: बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. आता दिवसभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी रेषेबाहेर आहे ते तपासत फिरतात. नव्याने सुरुवात करण्याबद्दल काहीतरी वाचायला द्यायचंय. उपदेश नको, फेकून मारतील. इंग्रजी चालेल.

खडूस_काकू: अहो, तुमच्या बाबांवर कादंबरी आधीच आलीय! फ्रेडरिक बॅकमनची 'अ मॅन कॉल्ड ऊवे'. मूळ स्वीडिश, 2012 ची. ऊवे 59 वर्षांचा, बायको गेलेली, नोकरीही सुटलेली. रोज सकाळी कॉलनीत फेरी मारून नियम मोडणारे हेरतो. साब सोडून दुसरी गाडी म्हणजे पाप. जुन्या दोस्ताने बीएमडब्ल्यू घेतली आणि बोलणं बंद! खो खो हसले मी. मग त्या गाड्यांमागचं दुःख कळलं आणि पोळ्या करपल्या.

वांगीभात: फार रडकं नाही ना?

रातपाळी: रडकं नाही, पण सांगून ठेवतो: तो सारखा जीव द्यायला निघतो आणि बहुतेक वेळा कोणीतरी शेजारी कडमडतो. बाबा फार खचले असतील तर आधी तुम्ही वाचा. गरोदर शेजारीण परवानेह त्याच्याकडून गाडी शिकते तो भाग मात्र कळस आहे. सिग्नलला तिची गाडी बंद पडते, मागचा हॉर्न मारतो, आणि म्हातारा उतरून थेट त्याची कॉलर धरतो.

खडूस_काकू: सिनेमा बघायचा तर 2015 चा स्वीडिश बघा. टॉम हँक्सवाला मला गुळमुळीत वाटला.

वांगीभात: मागवतेय. कॉलर धरण्याचं बाबांना सांगत नाही, उगाच आयडिया मिळायची.