मुलीने स्क्रीनशॉट दाखवला, तर कळवायचा की नाही?

ऑकलंडची_आई
मिशिगनमध्ये, ऑकलंड काउंटीत राहते. गेल्या आठवड्यात रात्री पोळ्या लाटत होते, तेव्हा नववीतल्या लेकीने फोन पुढे केला. वर्गातल्या एका मुलाने स्नॅपचॅटवर टाकलं होतं, 'उद्या शाळेत येऊ नका.' खाली हसऱ्या इमोजी. "आई, कुणाला सांगू नकोस हं, मला चहाडखोर म्हणतील." पिठाचे हात पुसले, तिला शेजारी बसवलं आणि ओके-टू-से वर कळवलं. नाव न सांगता सूचना द्यायची ही राज्याची सोय २०१४ पासून आहे. लेकीने दोन दिवस अबोला धरला. तरी मी पुन्हा हेच करीन. तुम्ही काय केलं असतं?

विदर्भाचा_बाप
ताई, राग मानू नका, पण त्या पोराचा विचार केलात का? २०१५ मध्ये टेक्सासमधल्या आयर्व्हिंगला १४ वर्षांच्या मुलाने घरी केलेलं घड्याळ शाळेत नेलं, तर हातात बेड्या पडल्या. मुलगा मुस्लिम, सावळा. आपलीही पोरं सावळीच आहेत. आमच्या मुलाने सहावीत एका गोष्टीत 'शाळा उडवली' असं लिहिलं, तर तासभर एकट्याला बसवून उलटतपासणी केली, आम्हाला फोन नंतर. वर्षभर पोरगा निबंधात दोन ओळींपुढे जात नव्हता. निनावी सूचना म्हणजे कुणीही कुणावरही डूख काढावा.

फळा_आणि_खडू
मी इथे शिकवते. दादा, तुमच्या मुलाच्या बाबतीत शाळेचं चुकलंच. पण ऑक्सफर्ड हायस्कूलचं आठवा, याच काउंटीतलं. २९ नोव्हेंबर २०२१ ला १५ वर्षांचा मुलगा वर्गात फोनवर काडतुसं बघताना शिक्षिकेला दिसला, तिने कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गणिताच्या कागदावर पिस्तूल, रक्तबंबाळ माणूस आणि 'विचार थांबत नाहीत, मदत करा' असे शब्द. तेही वरपर्यंत गेलं. आईवडील आले, घरी न्यायला तयार झाले नाहीत, मुलगा परत वर्गात. दप्तर कुणी उघडलं नाही. पिस्तूल त्यातच होतं, बापाने चारच दिवस आधी घेतलेलं. त्याने शाळेत गोळ्या झाडल्या, चार मुलं गेली. २०२४ मध्ये आईबाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.
म्हणून म्हणते, कळवणं ही पहिली पायरी, खरं काम त्यानंतरचं. व्हर्जिनियात २०१३ पासून शाळांना त्यासाठी पथक नेमावंच लागतं. मुलाच्या मनात काय आहे, घरी हत्यार हाती लागतं का, त्याला कोण सतावतंय, हे समुपदेशक आणि पोलीस एकत्र बसून बघतात. बेड्या घालणं हा त्याचा हेतूच नाही.

विदर्भाचा_बाप
पथक कागदावर सगळीकडे असतं हो. माझा विश्वास बसायचा तर आधी आईबापांना फोन यायला हवा.

फळा_आणि_खडू
ऑक्सफर्डला आईबाप समोरच बसले होते, दादा.

विदर्भाचा_बाप
हं. ते खरं. पण सगळे आईबाप तसे नसतात, आणि निनावी सूचनेबद्दल माझं मत तेच आहे.

ऑकलंडची_आई
नाव न सांगायची सोय नसती तर लेकीने मला फोन दाखवलाच नसता, दादा. २००२ मध्ये अमेरिकी सिक्रेट सर्व्हिसने शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास छापला. त्यात ८१ टक्के हल्ल्यांत निदान एकाला तरी आधी सुगावा होता, आणि बहुतेकदा तो मित्र किंवा वर्गातलंच कुणी. आधी कळतं ते मुलांना, आपल्याला नाही.

विदर्भाचा_बाप
बरं, त्या मुलाचं पुढे काय झालं?

ऑकलंडची_आई
सोमवारी तो वर्गात होता. मधल्या सुट्टीत एकटाच जेवत बसला होता म्हणे. तेही समुपदेशकांना कळवलंय.