निरीक्षणाच्या रात्रीची यादी योग्य क्रमाने कशी लावावी?

नमस्कार. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिये याच्या यादीतील ११० खगोलीय वस्तू (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून स्वतः शोधून पाहण्याचा माझा संकल्प आहे आणि त्यासाठी मी संगणकावर स्टेलेरियम हे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर वापरतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यानंतरचा काळोख आणि चंद्राचा उदयास्त लक्षात घेऊन रात्र निवडणे मला जमते. अडचण त्यापुढे येते.

मार्चमध्ये या यादीतील एम ७४ ही अंधूक दीर्घिका संधिप्रकाश सरता सरताच पश्चिमेला टेकते, तर कन्या राशीतील दीर्घिका मध्यरात्रीनंतर याम्योत्तर वृत्तावर (आकाशातील दक्षिणोत्तर रेषेवर, म्हणजे सर्वाधिक उंचीवर) येतात. म्हणून प्रत्येक वस्तू क्षितिजापासून ३० अंश उंचीच्या खाली कधी उतरते त्या वेळेनुसार यादी लावणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्याखाली तिचा प्रकाश डोक्यावर असतानाच्या तुलनेत दुपटीहून अधिक जाडीच्या हवेतून येतो. सध्या मी प्रत्येक वस्तूचा उंचीचा आलेख उघडून ही वेळ हाताने टिपतो आणि तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवत असल्याने दोन आठवड्यांत ते टिपण जवळजवळ तासाभराने चुकते.

हा क्रम आपोआप लावण्याची सोय स्टेलेरियममध्ये आहे का, की त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे? तसेच, माझ्या जागेवरून पूर्वेकडील झाडे बरेच आकाश झाकतात; दिगंश (दिशेचा कोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) मोजून प्रत्यक्ष क्षितिजरेषा सॉफ्टवेअरमध्ये भरण्याचा कोणाला अनुभव असल्यास, किती अंशांच्या अंतराने मोजमापे घ्यावीत, हेही कृपया कळवावे.