एटीव्हीच्या मागच्या रॅकला घरी केलेली पेटी कशी बसवायची?

कुळागरवाला_सत्तरी
नमस्कार मंडळी. आमचं कुळागर (माड-पोफळीची बाग) गोव्यात वाळपईच्या आत आहे, वर घर आणि खाली व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) माड-पोफळी, मधे मातीची उतरण. माडांवरून नारळ पाडले की डोक्यावरून वर आणायला माणसं मिळत नाहीत म्हणून दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड एटीव्ही (कच्च्या वाटेवरची चारचाकी बाइक) घेतली. आता सुताराकडून १२ एमएम मरीन प्लायची पेटी करून घेतली आहे, ९० सेमी लांब, ५० रुंद, ३५ उंच, वर झाकण, कोपऱ्यांना लोखंडी अँगल. रॅकवर ठेवून नायलॉनच्या दोरीने आवळून बांधली होती. परवा साठेक असोले (न सोललेले) नारळ भरून वर येताना अर्ध्या चढावर पेटी मागे सरकली, पुढची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली म्हणून मी ब्रेक दाबला तर दोरी सुटली आणि नारळ गडगडत थेट व्हाळात. पाडेली (नारळ पाडणारा) खाली उभा राहून हसत होता ते वेगळंच. गाडी उलटली नाही हे नशीब. आता पेटी कायमची बसवायची आहे, रॅकला वेल्डिंग करून टाकू का? की बोल्ट मारू?

डिचोलीचा_फिटर
वेल्डिंग अजिबात नको भाऊ. रॅकची नळी पातळ असते, जोडाच्या बाजूलाच पुढे चीर जाते आणि रंग जळाला की पहिल्याच पावसात गंज सुरू. शिवाय बॅटरीच्या वायरी न काढता वेल्डिंग केलं तर गाडीचा कॉम्प्युटर उडायची भीती. रॅकला भोकं पाडणंही तसंच, नळीत पाणी शिरतं आणि ती आतून कुजते.
यू-बोल्ट वापरा, म्हणजे नळीला कवेत घेणारा यू आकाराचा बोल्ट. नळी किती जाडीची आहे ते आधी मोजा.

कुळागरवाला_सत्तरी
मोजली, बाहेरून २२ एमएम. हार्डवेअरवाल्याने अर्धा इंची यू-बोल्ट दिले, ते जेमतेम बसतायत, घासतायत.

डिचोलीचा_फिटर
बरोबर, घासणारच. पाईपचा यू-बोल्ट पाईपच्या नावाच्या मापाने मिळतो. अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप बाहेरून २१ एमएमच्या आसपास भरतो आणि पाऊण इंची साधारण २७ च्या. तुम्ही पाऊण इंची घ्या आणि मधे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, दोन एमएम जाडी होईपर्यंत, म्हणजे २२ चे २६ होतात आणि बोल्ट घट्ट बसतो. रबरामुळे रंग खरवडत नाही, कंपही कमी. असे चार तरी हवेत, सहा मारलेत तर उत्तम. पेटीच्या आतून नुसता वायसर ठेवू नका, तो प्लायमध्ये रुततो आणि चार दिवसांनी सगळं ढिलं. २५ बाय ३ ची लोखंडी पट्टी कापून बोल्टाच्या दोन्ही टोकांवरून आडवी टाका, वरून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). साधा नट या धक्क्यांत टिकत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पाना लावून परत आवळा कारण रबर दबतं.

माडाचा_माणूस
बोल्टांचं सगळं खरं पण मूळ दुखणं वजनाचं आहे असं मला वाटतं. तुमच्या रॅकवर स्टिकर असेल, त्यावर किती किलो लिहिलंय?

कुळागरवाला_सत्तरी
मागच्या रॅकवर ४० किलो 🙈

माडाचा_माणूस
मग ऐका. १२ एमएम प्लायचा एक चौरस मीटर म्हणजे साधारण ८ किलो. तुमच्या पेटीला झाकण धरून १.९ चौरस मीटर प्लाय लागला, म्हणजे १५ किलो, वर अँगल, बिजागऱ्या, कडी धरा, रिकामी पेटीच २० ला जाते. निम्मं वजन तिथेच संपलं. असोला नारळ किलोच्या वरच भरतो, साठ म्हणजे साठ किलोहून जास्त. ४० च्या रॅकवर तुम्ही ८० लादले, तेही मागच्या चाकाच्या मागे, आणि चढावर! पुढचं हलकं होणार नाही तर काय. मीपण पहिल्या वर्षी हेच केलं होतं, माझी गाडी पाटात गेली होती, म्हणून कळकळीने सांगतोय.
माझं ऐकाल तर पेटी लहान करा. ७५ बाय ४५, उंची ३० पुरे. तळ १२ एमएमचा, बाजू ९ एमएमच्या, झाकण नको, वरून ताडपत्री. प्लायचे ७ किलो होतील फक्त. पेटी पुढे सरकवून सीटच्या पाठीला जवळजवळ टेकवा, पण बसल्यावर तुमची कंबर अडकता कामा नये. नारळ खालीच सोलून घ्या, सोललेला अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे पन्नास तरी बसतील. सोडणं (नारळाची सालं) कुळागरातच राहतात, माडाच्या आळ्यात टाकता येतात.

म्हापशेकर_बाब
एवढी खटपट कशाला? म्हापशाच्या बाजारात जुनी प्लास्टिकची माशांची क्रेट मिळते, दोन-तीन किलोची, तळाला भोकं असतात त्यामुळे पाणी साचत नाही. ट्रकवाल्यांचे रॅचेट पट्टे दोन आडवे दोन उभे, झालं काम. काढायलाही सोपी. फक्त दोनदा धुवा नाहीतर नारळाला बांगड्याचा वास 😄

डिचोलीचा_फिटर
क्रेट चालेल, पण पट्टा उन्हात कडक होतो, दर वर्षी बदलायला हवा. आणि भोकांवरून आठवलं, प्लायच्या पेटीच्या तळाला चार कोपऱ्यांत भोकं पाडून कडांना रंग लावा, मरीन प्लाय असला तरी कापलेल्या कडेतूनच पाणी पितो. सायलेन्सर रॅकच्या खाली कुठे येतो ते बघा, त्याच्या डोक्यावर बोल्टाची शेपटी किंवा ताडपत्री लोंबकळू देऊ नका. मागचा दिवाही झाकला जाता कामा नये.

कुळागरवाला_सत्तरी
सायलेन्सर उजवीकडे आहे, पेटी डावीकडे जराशी सरकवली तर?

माडाचा_माणूस
नको हो, वजन मधेच ठेवा, आडव्या उतारावर एका बाजूला भार म्हणजे परत व्हाळ. बोल्टाच्या शेपट्या हॅक्सॉने कापा, आणि सायलेन्सरच्या वर पत्र्याचा तुकडा मधे हवा सोडून लावा. आणि एक, असली गाडी रस्त्यावर पास होत नाही, तेव्हा पेटी भरून डांबरी रस्त्याने सरळ वाळपईच्या बाजाराला निघू नका.

कुळागरवाला_सत्तरी
नाही नाही, बाजाराला रिक्षा टेम्पो आहे. सुताराला आजच फोन केला, पेटी कापून लहान कर म्हटलं तर म्हणतो त्यापेक्षा नवीन करतो, जुनी कोंबड्यांना ठेवा. पाऊण इंची यू-बोल्ट सहा आणलेत. रविवारी बसवतो आणि फोटो टाकतो.